डांगराच्या अटी आणि शर्ती

संजीवला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. तरी रुचिपेट्टी डॉट कॉमच्या अटी आणि शर्ती त्यानेच लिहिल्या. लिहिल्या म्हणजे काय, दोन-चार अमेरिकन साइट्सवरून उचलल्या, मधली नावं बदलली आणि खाली 'अधिकृत प्रतिनिधी' म्हणून स्वतःचं नाव ठोकून दिलं. मालक विजयकुमार तेव्हा बहिणीच्या लग्नाच्या धावपळीत होता, त्याने न वाचताच 'चालेल' म्हटलं. त्यामुळे हिमवादळाने सेवा बंद पडल्यास कंपनी जबाबदार नाही, असं एक कलम चेन्नईतल्या त्या साइटवर सुखाने नांदत होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कुणी वाचलंच नाही.

हे दोन हजार आठ सालचं. रुचिपेट्टी ही पाककृतींची साइट. बायकांनी आपापल्या पाककृती टाकायच्या, इतर बायकांनी वाचायच्या आणि खाली स्वतःची अक्कल पाजळायची. संजीव तिथे मजकुराचा प्रमुख होता, म्हणजे 'मीठ चवीनुसार' हे चार भाषांत तपासायचा. ऑफिस एग्मोरला, आणि आम्ही राहायला वेस्ट मांबलममध्ये, बालाजीराव आणि राजसबाई यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने.

हे दोघं तंजावरकडचे मराठी. आम्ही कराडचे आहोत हे ऐकून त्यांनी आनंदाने घर दिलं, आणि मग आमचं मराठी ऐकून त्यांना आमची दया आली. एवढे इंग्रजी शब्द घालून बोलतात ते मराठी कसलं, असं बालाजीराव म्हणायचे आणि वाक्याच्या शेवटी तमिळ 'सेरि', म्हणजे बरं, जोडायचे. जन्मभर नोंदणी कार्यालयात काम केलेला माणूस. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, भाडेकरार यांतच केस पिकलेले. निवृत्तीनंतर त्यांचे हात शिवशिवत असत. वाण्याच्या यादीतही 'सदरहू तूरडाळ' असं लिहायचे.

राजसबाईंचं सगळं वेगळं होतं. त्यांचं एकच राज्य, ते म्हणजे डांगर. उडीद भाजून घरीच दळायचे, ते पीठ ताकात कालवायचं, वरून हिंग-मोहरीची फोडणी. आमच्याकडेही डांगर करतात, पण राजसबाईंचं खाल्ल्यावर मी आमच्या डांगराचं नाव काढणं बंद केलं. मांबलममधल्या बायका सणावाराला दारात यायच्या, उडीद किती भाजू म्हणून विचारायच्या. राजसबाई त्यांना बसवायच्या, कॉफी द्यायच्या, आणि तासाभराने अर्धीच गोष्ट सांगून परत पाठवायच्या. उरलेली अर्धी विचारायला त्या पुन्हा यायच्या. ही पद्धत त्यांना फार आवडत होती.

तर त्यांच्या सुनेने, दिव्यश्रीने, हे डांगर रुचिपेट्टीवर टाकलं. मुलगी बँकेत नोकरी करणारी, स्वभावाने गरीब. सासूचं नाव जगभर व्हावं एवढीच तिची इच्छा. टाकताना 'मला सर्व अटी मान्य आहेत' या चौकटीत तिने खूण केली, जशी आपण सगळेच करतो. राजसबाईंना ते कळलं एका मुंजीत. एक बाई आनंदाने त्यांना म्हणाली, तुमचं डांगर मी नेटवर वाचून केलं, कांदा आणि टोमॅटो सॉस घालून, मुलं चिप्स बुडवून खातात.

राजसबाई मुंजीतून जेवायच्या आधी उठून आल्या. घरी आल्यावर एकदाच बोलल्या. "मला कोणी विचारलें नाहीं. डांगर माझें, नांव माझें, आणि हो म्हणाली ती." त्यानंतर सुनेशी बोलणं बंद. त्या साइटने माझ्या अटी कबूल केल्याशिवाय तिच्याशी एक शब्द बोलणार नाही, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं, आणि नवऱ्याने सुनेला, कारण आता सगळा कारभार बालाजीरावांमार्फत चालणार होता.

तो कारभार बघण्यासारखा होता. दूध उतू जायला लागलं की राजसबाई हॉलमध्ये येऊन म्हणायच्या, तिला सांगा, दूध उतू जातें आहे. बालाजीराव पेपर खाली ठेवायचे, चष्मा काढायचे आणि गंभीरपणे स्वयंपाकघरात जाऊन निरोप पोहोचवायचे. तोवर दूध शेगडीवरून खाली आलेलं असायचं. मुलगा रणवीर जॉर्ज टाउनमध्ये मालवाहतुकीच्या ऑफिसात होता. तो एरवीही उशिरा घरी यायचा, त्या दिवसांत तर त्याचा चेहराच दिसेनासा झाला. दिव्यश्री दोनदा वर येऊन माझ्यापाशी रडून गेली. मला राजसबाईंचा राग आला होता आणि त्यांचं म्हणणं पटतही होतं, आणि असं झालं की माझा राग नेहमी संजीववर निघतो.

बालाजीरावांनी त्याला जिन्यातच गाठलं. संजीवने समजावून सांगितलं, की पाककृतीवर कुणाची मालकी नसते, असं कायदा म्हणतो. हे त्याने त्याच दुपारी वाचलं होतं. शिवाय साइट आमची, तेव्हा अटी आमच्या, वापरणाऱ्याला आपल्या अटी घालता येत नाहीत.

"मालकी कोण मागतो?" बालाजीराव म्हणाले. "आम्ही अट घालतों. जागा तुमची, माल आमचा. घरमालकानें अट घालावी आणि राहणाऱ्यानें घालूं नये, असें कुठें आहे?"

मी लगेच म्हटलं की काका, मग पाणी सोडायच्या वेळेबद्दल आमचीही एक अट आहे. त्यांना तेवढंच नेमकं ऐकू आलं नाही.

मात्र रुचिपेट्टीच्या अटी त्यांनी सुनेकडून छापून मागवल्या आणि अथपासून इतिपर्यंत वाचल्या. त्या पूर्ण वाचणारे ते पहिलेच. 'सर्व विश्वात, आज ज्ञात असलेल्या आणि पुढे शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांत' हा मजकूर वापरायचा हक्क कंपनीला राहील, हे कलम त्यांनी राजसबाईंना दोनदा वाचून दाखवलं. राजसबाईंनी विचारलं, विश्वांत म्हणजे चंद्रावर पण कांदा घालतील का? बालाजीराव म्हणाले, मसुद्याप्रमाणे घालतां येईल. त्यांना त्या अनोळखी अमेरिकन वकिलाबद्दल फार आदर वाटू लागला होता.

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला खाली जेवायला बोलावलं. भांडण मिटवायची ही रीत बरी, असं संजीवला वाटलं. भरली वांगी, आंबट वरण, डांगर आणि शेवटी पायसम. संजीव असा जेवला की जणू काही पुन्हा मिळणारच नव्हतं. मग सगळ्यांना देवापाशी बसवलं. भर दुपारी समई लावलेली, शेजारी ताट, त्यात नारळ, केळी आणि एकच विडा. त्याच वेळी मला काहीतरी शिजतंय असं वाटलं. संजीवला काहीच वाटलं नाही, कारण त्याचे डोळे मिटायला लागले होते.

बालाजीरावांनी कागद काढला आणि खरेदीखत वाचतात त्या एकसुरी आवाजात वाचायला सुरुवात केली. सदरहू डांगरांत कांदा घालूं नये. विकतचें पीठ वापरूं नये. सदरहू डांगर रागांत असतां करूं नये. त्यास डिप म्हणूं नये. केल्यावर थोडें शेजारीं द्यावें. नांवें ठेवणाऱ्यास दुसऱ्यांदा वाढूं नये. करण्यापूर्वीं राजसबाईंस विचारावें. अशी कलमांमागून कलमं चालली होती आणि संजीवची मान पुढे पडत होती. प्रत्येक डुलकीला बालाजीराव थांबत आणि त्या कलमापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करत.

शेवटी ते म्हणाले, "हीं सर्व कलमें मान्य असल्यास विडा उचलावा."

संजीव जागा झाला. विडा दिसला, उचलला, तोंडात टाकला, आणि वर म्हणाला, वा काका, काय विडा आहे.

मला सगळं कळलं होतं. मी त्याला कोपराने ढोसू शकले असते. ढोसलं नाही, कारण लग्न झाल्यापासून हा माणूस माझं बोलणंही असंच ऐकत आला आहे. शाळेपासून निबंधात 'देशसेवेचा विडा उचलला' लिहून गुण मिळवले त्याने, पण खरा विडा समोर आला की त्याला फक्त गुलकंद दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराखालून कागद आला. अधिकृत प्रतिनिधीने देवासमोर, दोन साक्षीदारांच्या देखत सर्व अटी मान्य केल्या आहेत, तरी त्या साइटवर ताबडतोब घालाव्यात. संजीव तणतणत खाली गेला. हे कायद्यात बसत नाही, मी ऐकलंच नव्हतं, मला वाटलं तो जेवणाचा विडा आहे, असं बरंच काही बोलला.

"तुमच्याकडे तें बटण दाबणारे किती जण वाचतात?" बालाजीरावांनी शांतपणे विचारलं. "त्यांना बांधतां कीं नाहीं? तुम्हांला तर मी वाचून दाखवलें, जेवूं घालून."

संजीव कागद खिशात कोंबून निघाला. वर येऊन तो मला म्हणाला, विजयकुमारला कळलं तर नोकरी जाईल. तेव्हा मात्र भाडं, माझी नुकतीच सुटलेली नोकरी, कराडला पाठवायचे पैसे, सगळं डोळ्यांसमोर आलं. गंमत आपल्या घरात शिरली की गंमत राहत नाही. मी त्याला म्हटलं, आता लपवू नकोस, त्यांना घेऊनच ऑफिसात जा.

मांबलमहून गाडीने आम्ही सगळे एग्मोरला गेलो. राजसबाई रेशमी साडीत, हातात रुमालाने झाकलेलं ताट. दिव्यश्रीने रजा काढली होती. ती सासूच्या मागे चार पावलं अंतर ठेवून चालत होती, आणि रस्ता ओलांडताना 'तिला सांगा, बस येते आहे' हा निरोप माझ्यामार्फत तिला मिळाला. हा निरोप तरी वेळेत पोहोचला.

विजयकुमार हा अगदी आधुनिक गृहस्थ, खुर्चीत गोल फिरत बोलणारा. संजीवने घाबरत घाबरत सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली. विजयकुमार हसायला लागला. मग राजसबाईंनी ताटावरचा रुमाल काढला. नारळ, हळद, विड्याची पानं आणि खाली कागद. ते बघून त्याचं हसू गेलं. त्याने टेबलाखाली पायातले बूट काढले आणि उभा राहिला.

"तांबूलम् घेतलंस?" त्याने संजीवला विचारलं. तांबूलम् म्हणजे विडा, आणि तो घेतला की तिकडे शब्द दिल्यासारखं.

घेतलं, संजीव म्हणाला. परत देता येईल का, असं विजयकुमारने विचारलं. खाल्लं, संजीव म्हणाला.

विजयकुमारने कपाळाला हात लावला. त्याच्या बहिणीचं लग्न असंच ठरलं होतं. तांबूलाची ताटं बदलल्यावर नवरा मुलगा अंदाजापेक्षा बराच बुटका निघाला, पण आईने ऐकून घेतलं नाही. तांबूलम् घेतल्यावर तिथे नवरा बदलता आला नाही, मग साइट कोणत्या झाडाचा पाला? वकिलाला विचारलं तर तो नक्की वेगळं सांगेल, विजयकुमार म्हणाला, पण वकिलाला माझ्या आईसमोर बसून जेवायचं नसतं.

पण तो धंद्याचा माणूस होता. सगळी कलमं घातली तर उद्या मांबलममधली प्रत्येक मामी ताट घेऊन जिन्यात उभी राहील. कुणी म्हणेल माझी खीर मैलापूरच्या लोकांनी वाचू नये. तेव्हा एक अट घालतो, म्हणाला, एकच. कोणती ते या अम्मांनी सांगावं, असं राजसबाईंकडे बघून म्हणाला. संजीवला कामावरून काढणार नाही, पण यापुढे तो कुणाच्याही घरी जेवायला जाणार नाही.

बालाजीराव दुखावले. इतक्या मेहनतीने केलेला मसुदा, आणि त्यातलं एकच कलम. त्यांनी राजसबाईंच्या कानात सांगितलं, कांद्याचें धर. मलाही वाटलं होतं त्या कांदाच धरतील. राजसबाईंनी ताटावर पुन्हा रुमाल घातला.

"करण्याआधीं मला विचारावें," त्या म्हणाल्या. "तेवढें पुरे. बाकी काय करायचें तें करूं दे."

दिव्यश्री मागे उभी होती, तिने मान खाली घातली. मला एकदम भरून आलं, आणि अशा वेळी मला भरून आलेलं आवडत नाही म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं.

दुसऱ्याच दिवशी डांगराच्या पानावर ठळक अक्षरांत ओळ आली, की हा पदार्थ करण्यापूर्वी राजसबाईंना विचारावे, आणि त्यापुढे घरच्या फोनचा नंबर. बालाजीरावांच्या आग्रहाखातर हिमवादळाचं कलमही साइटवरून निघालं. राजसबाई फोनशेजारी खुर्ची घेऊन बसायला लागल्या. सुनेशी बोलणं मात्र अजून सुरू झालं नव्हतं. अट कबूल झाली, पण ती पाळतात का बघूं दे, असा नवा निरोप बालाजीरावांनी स्वयंपाकघरात पोहोचवला.

फोन येईना. एकाला केबलवाला हवा होता. एका बाईने विचारलं, तुम्ही घरी लोणची विकता का. कर्ज घ्या म्हणून गळ्यात पडणाऱ्या एका मुलीचा फोन आला, तर राजसबाईंनी कर्ज बाजूला ठेवून तिलाच उडीद कसे भाजायचे ते सांगितलं. ती बिचारी सगळं ऐकून घेत राहिली, बहुधा फोन आधी ठेवायची परवानगी नसावी. बाकी लोक डांगर करत होते, खाली फोटो टाकत होते, कुणी विचारत नव्हतं. राजसबाईंचा चेहरा दिवसेंदिवस लहान होत चालला. माणसाचा एवढासा हट्ट पुरा होऊ नये, याचं मला फार वाईट वाटायला लागलं. मी एकदा संजीवला म्हटलंसुद्धा, तुझ्या ऑफिसातून खोटा फोन करायला लाव. तो म्हणाला, मला आता कुठल्याच भानगडीत घालू नकोस.

एका संध्याकाळी मी त्यांचं भांडं परत द्यायला खाली गेले होते, तेव्हा घंटा वाजली. राजसबाईंनी फोन घेतला आणि समोरच्याचा आवाज एवढा मोठा होता की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. कोइम्बतूरचा अरुण म्हणून एक मुलगा, नोकरीसाठी गुडगावला, मित्रांसोबत खोलीत राहणारा. तमिळमध्ये धापा टाकत बोलत होता. मामी, साइटवर लिहिलंय म्हणून विचारतो, तुमच्या सगळ्या अटी मान्य आहेत, फक्त लवकर सांगा, फोडणी जळते आहे.

"आधी गॅस बंद कर," राजसबाई तमिळमध्येच म्हणाल्या. "आणि न ऐकता मान्य म्हणू नकोस. मी काय मागेन ते तुला काय माहीत?"

पलीकडून खट्ट असा शेगडी बंद केल्याचा आवाज आला. आता विचार, राजसबाई म्हणाल्या.

तो विचारत गेला आणि भानगडी बाहेर येत गेल्या. पीठ विकतचं होतं. ताक नव्हतं, पाकिटातलं दही होतं. कांदा तर आधीच चिरून घातला होता. बालाजीराव कागद आणि पेन्सिल घेऊन शेजारी येऊन बसले आणि एकेका भंगाला बोट वर करून दाखवू लागले. राजसबाईंनी त्यांचा हात बाजूला सारला. पीठ कढईत पुन्हा जरा परतून घे, त्या अरुणला म्हणाल्या, दह्यात पाणी घाल, मोहरी तडतडली की मगच हिंग. अर्धी गोष्ट सांगून थांबायची त्यांची पद्धत मला माहीत होती. पण त्या दिवशी त्यांनी सगळी सांगितली, मिठापर्यंत. आणि शेवटी म्हणाल्या, खाऊन झाल्यावर मला सांग, कांदा घालून कसं लागतं, मी कधी खाल्लं नाही.

फोन ठेवल्यावर बालाजीरावांनी कागद पुढे केला. उघड उघड कलमभंग झाला आहे, काय करायचें, असं त्यांनी विचारलं.

"तो विचारला कीं," राजसबाई म्हणाल्या. "विचारणाऱ्याला कसली अट?"

दिव्यश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने पदराला हात पुसले आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आई, मीं पण एकदां कांदा घालून करूं का?"

बालाजीरावांनी सवयीने चष्मा काढला आणि निरोप द्यायला राजसबाईंकडे वळले. त्या आधीच खुर्चीवरून उठल्या होत्या.

"मला ऐकूं आलें," त्या थेट सुनेकडे बघून म्हणाल्या. "बारीक चीर. आणि मला दाखवल्याशिवाय ताकांत टाकूं नको."